पाळीव उंदराचे वावडे

ज्या प्राण्याच्या निर्दालनासाठी मुंबईची महानगरपालिका रात्रपाळीचे मूषक संहारक नोकरीस ठेवते, ज्याच्या नावाबरोबर १८९६ सालच्या प्लेगची आठवण अद्यापही निघते, आणि ज्याला गणपतीच्या पायाशी पाहून हात जोडणारा गृहस्थ त्यालाच स्वयंपाकघरात पाहिल्याबरोबर काठी शोधू लागतो, त्या उंदराला कोणी हौसेने पिंजऱ्यात ठेवावे, त्याचे नाव ठेवावे आणि खांद्यावर घेऊन घरभर हिंडावे, हे पुष्कळांस विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ज्यांनी तो पाळला आहे त्यांची साक्ष निराळी आहे. हा प्राणी बुद्धिमान आहे, माणसाळतो, आपले नाव ओळखतो, दिवसातून अनेक वेळा अंग चाटून स्वच्छ करतो, आणि दोन-तीन वर्षांच्या अल्पायुष्यात घरातील मुलांना असा लळा लावून जातो की त्याच्या मृत्यूच्या दिवशी घरात कोणी नीट जेवत नाही. अशा घरात एके दिवशी एखाद्या मुलाच्या मनगटावर तांबूस गांधी उठतात, खाजवून हात लाल होतो, आणि आजपर्यंत निर्वेधपणे चाललेल्या सहवासाविषयी प्रश्न उत्पन्न होतो. तो प्रश्न या प्रकरणाचा विषय आहे.

उंदीर पाळण्याच्या हौसेचा उगम उंदीर मारण्याच्या धंद्यात आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. इंग्लंडात १८३५ साली कायद्याने बैल व अस्वले यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळास बंदी झाली, तेव्हा लंडनच्या शौकीन मंडळींनी आपला मोर्चा उंदरांकडे वळविला. चौफेर आडोसा केलेल्या आखाड्यात पुष्कळसे उंदीर सोडावयाचे आणि एखादा टेरियर कुत्रा ठरलेल्या वेळात त्यांतील किती लोळवितो यावर पैजा लावावयाच्या, असा तो खेळ होता. व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणून मिरविणारा जॅक ब्लॅक नावाचा एक इसम त्या काळी लंडनमध्ये प्रसिद्ध होता व हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्याची समग्र हकीकत लिहून ठेवली आहे. पकडलेल्या उंदरांत एखादा पांढरा किंवा चित्रविचित्र रंगाचा निघाला की हा गृहस्थ त्याला मारीत नसे. त्याची वीण वाढवी आणि ती पिल्ले खारीच्या पिंजऱ्यात ठेवण्यासाठी हौशी स्त्रियांना विकी. पुढे १९०१ साली एल्सबरी येथील प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने पाळीव उंदरांना प्रथमच रीतसर प्रवेश मिळाला. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत याच जातीच्या तपकिरी उंदरापासून प्रयोगशाळेतील प्रख्यात पांढरा उंदीर सिद्ध होत होता. खांद्यावर बसणारा आणि प्रयोगशाळेत तपासला जाणारा, असे हे दोन उंदीर शरीरधर्माने एकच असल्यामुळे, एकाविषयी शास्त्राला जे कळले ते दुसऱ्याच्या मालकाच्या उपयोगी पडते. या प्रकरणातील बहुतेक ज्ञान त्या मार्गाने आलेले आहे.

लक्षणांचे स्वरूप बहुधा ठरीव असते. उंदीर हातावरून चालत गेला, की जेथे त्याच्या नख्यांचे बारीक ओरखडे उमटले असतील तेथे दहा-वीस मिनिटांच्या आत त्वचा फुगून येते, मध्ये फिकट व भोवती लालसर अशा गांधी उठतात आणि विलक्षण कंड सुटते. कित्येकांच्या हातावर शेपूट ज्या रेषेत घासली गेली त्या रेषेत लाली उठते. मानेपाशी उंदीर लपविण्याची ज्यांना सवय असते त्यांची मान तांबडी होते. काही तासांत हे सारे मागमूस न ठेवता विरून जाते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी वैद्याकडे गेलेल्या रोग्याजवळ दाखविण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी हातावरील गांधींचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे हा पुराव्याचा सोपा मार्ग आहे. आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक रोगी सांगतो, ती अशी की पहिले काही महिने काहीच झाले नव्हते. त्याच्या बोलण्यात आश्चर्य असते व क्वचित अविश्वासही. परंतु वावड्याचा शिरस्ताच असा आहे. पहिल्या परिचयात शरीर केवळ नोंद करून घेते, आणि ती नोंद पक्की झाल्यावर पुढील भेटीस उत्तर देते.

आता हे वावडे कशाचे, या प्रश्नाकडे वळू. सामान्य समजूत अशी की ते उंदराच्या केसांचे असते. त्यावरून कोणी त्याला आंघोळी घालतो, कोणी बिनकेसांच्या जातीचा उंदीर आणतो, आणि दोघेही निराश होतात. खरा अपराधी उंदराच्या मूत्रात असतो. वयात आलेल्या नर उंदराचे यकृत, पुरुषी अंतःस्रावांच्या हुकमाने, एक लहानसे प्रथिन मुबलक प्रमाणात तयार करते. ते रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून मूत्रावाटे बाहेर पडते. शास्त्रज्ञ त्यास अल्फा-टू-यू ग्लोब्युलिन म्हणतात, आणि वावडे उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद ‘रॅट एन १’ अशी आहे. मनुष्याच्या मूत्रात प्रथिन सापडले तर डॉक्टर चिंतातुर होतो; उंदराच्या बाबतीत मात्र ती प्रकृती आहे, विकृती नव्हे. या प्रथिनाची घडण मध्ये पोकळी असलेल्या पिंपासारखी असते आणि त्या पोकळीत गंधद्रव्याचे रेणू सामावलेले असतात. अत्तराची कुपी जसा सुगंध हळूहळू बाहेर सोडते, तसे हे प्रथिन उंदराचा गंध सावकाश वाऱ्यावर सोडीत राहते, आणि त्या गंधावरून दुसऱ्या उंदरास येथे कोणाचा मुलूख आहे हे कळते. मुलूख दाखविण्यासाठी उंदीर चालता चालता मूत्राचे बारीक थेंब टाकीत जातो. मालकाचा हात हाही त्याच्या दृष्टीने त्याचाच मुलूख असल्यामुळे त्यावरही ही मोहोर उठते, आणि ती प्रेमाची खूण आहे असे मानले तरी त्वचेवर तिचा परिणाम व्हावयाचा तो होतोच. अंग चाटण्याच्या सवयीमुळे लाळेतील प्रथिने केसांवर पसरतात, पिंजऱ्यातील अंथरणावरून मूत्रही केसांना लागते, आणि केस निर्दोष असूनही बदनाम होतात ते या कारणाने. त्वचेचा कोंडा व रक्तातील अल्ब्युमिन यांचाही थोडाबहुत वाटा असतो, परंतु मुख्य आरोपी ते नव्हेत.

हे प्रथिन ज्या कुळातील आहे त्या लायपोकॅलिन कुळाचा विस्तार मोठा आहे. कुत्रा, घोडा, गाय यांची वावडी उत्पन्न करणारी कित्येक प्रथिने याच कुळात मोडतात. घरातील चिमुकल्या उंदराचे मूत्रप्रथिन तर या मोठ्या उंदराच्या प्रथिनाशी इतके मिळतेजुळते असते की, एकाचे वावडे जडल्यावर दुसरा आणून पाहण्यात फारसा अर्थ नसतो.

अंगातील कोणती यंत्रणा या परक्या प्रथिनाला शत्रू ठरविते, याचा शोध विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मनोरंजक कथांपैकी एक आहे. ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रचारात आणली, पण तिच्या बुडाशी कोणता पदार्थ आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ यांनी, शिजविलेल्या माशाचे वावडे असलेले आपले सहकारी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव काढून स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना माशाचे काही वावडे नसताही तेथे तत्काळ गांध उठली. म्हणजे वावडे रक्तातील कोणत्या तरी द्रव्यावाटे एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे सिद्ध झाले. ते द्रव्य हाती लागण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील योहान्सन व बेनिच यांनी १९६६-६७ च्या सुमारास जे प्रतिपिंड ओळखले, त्यालाच आज आयजीई म्हणतात. उंदराच्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेले हे प्रतिपिंड त्वचेतील मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर बसून राहतात. ओरखड्यावाटे ते प्रथिन आत शिरून त्यांना भिडले की पेशी फुटाव्यात तसा त्यांतील हिस्टामिनाचा साठा बाहेर पडतो, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन झिरपू लागतात, ज्ञानतंतू डिवचले जातात, आणि फुगवटा, लाली व कंड ही त्रयी उत्पन्न होते. अखंड त्वचेतून हे प्रथिन सहजी आत शिरत नाही. नख्यांच्या ओरखड्याने वाट मोकळी होते, आणि ज्यांना मुळात इसब आहे त्यांच्या त्वचेत ती वाट आधीपासूनच उघडी असते.

या विषयाची खात्रीलायक माहिती प्रयोगशाळांतील प्राणिगृहांत नोकरी करणाऱ्यांच्या तपासण्यांवरून मिळाली. उंदरांनी मनुष्याची केलेली सेवा मोठी आहे. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या टोळ्यांना घालून त्यांची वाढ पाहिली, तेव्हा शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले आणि मराठ्यांच्या आहारावरील तिसऱ्या क्रमांकावर आले, ही गोष्ट आपल्या वाचकांस कदाचित थोडी खट्टू करील. परंतु जे लोक अशा उंदरांचे पिंजरे रोज झाडतात त्यांना त्याची किंमत द्यावी लागते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत अशा कामगारांपैकी दहांत एकापासून तिघांत एकापर्यंत लोकांना या प्राण्यांचे वावडे जडल्याचे आढळले आहे. ते बहुधा कामाच्या पहिल्या तीन वर्षांत जडते; नाक व डोळे यांची तक्रार सर्वांत अधिक, त्वचेची तिच्या जोडीला, आणि काहींच्या बाबतीत अखेरीस दम्याची. घरी एक-दोन उंदीर पाळणाऱ्याचा संबंध यापेक्षा पुष्कळच थोडा असतो हे खरे, पण प्राणिगृहातील नोकर संध्याकाळी कपडे बदलून घरी जातो आणि हौशी मालक उंदराच्या खोलीतच झोपतो, हा भेदही लक्षात घेतला पाहिजे.

हातावर लाली दिसली की ती वावड्याचीच, असा निकाल मात्र घाईने देऊ नये. काही माणसांची त्वचाच अशी असते की बोथट वस्तूने रेघ ओढली तरी ती दोरीसारखी फुगून वर येते. अशा माणसाच्या हातावर उंदराच्या नख्यांची नक्षी उठली तर त्यात उंदराच्या मूत्राचा काही दोष नसतो. चमच्याच्या दांड्याने दंडावर रेघ ओढून पाहिल्यास, उंदीर पिंजऱ्यातच असताना, हा संशय पाच-दहा मिनिटांत फिटतो. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा घातलेला असेल तर कित्येकांना त्या भुशाचीच बाधा होते. देवदार, पाइन इत्यादी लाकडांच्या भुशातील उडणारी द्रव्ये खुद्द उंदराच्या श्वासमार्गालाही अपायकारक असतात, तेव्हा तो भुसा काढून टाकण्यास दोन पक्षांचे हित हे पुरेसे कारण आहे.

दुसरा तोतया म्हणजे माइट. उष्ण देशांतील उंदरांवर रक्त शोषणारा एक सूक्ष्म आठपायी जीव असतो. तो उंदराच्या अंगावर सदैव राहत नाही, पोट भरले की पिंजऱ्याच्या फटीत, भिंतीच्या भेगेत, अंथरणाच्या घडीत जाऊन लपतो, आणि उंदीर न मिळाल्यास माणसाला चावतो. त्याच्या दंशाने उठलेले पुरळ बारीक, टणक व दिवसच्या दिवस टिकणारे असते, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा कपडे घट्ट बसतात तेथे विशेष दिसते, आणि उंदराला हात न लावणाऱ्या घरच्या माणसांनाही होते. गांधी आणि हे पुरळ यांतील भेद ओळखण्याची ही सोपी खूण आहे: वावडे एकट्याला होते, माइट घराला होतात. त्यावर गोळ्या खाऊन उपयोग नाही. पशुवैद्याकडून उंदरावर उपचार व घराच्या फटींचा बंदोबस्त, असे दोन्ही करावे लागते. घरात पाळीव उंदीर नसता असे पुरळ उठू लागले, तर माळ्यावर किंवा गटारात रानटी उंदरांची वस्ती असल्याचा तो इशारा समजावा.

तिसरा प्रकार गजकर्णाचा, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे आपल्या देशातील एक वाईट रिवाज आडवा येतो. उंदीर, गिनीपिग इत्यादी प्राण्यांच्या अंगावर बुरशीची एक जात वाढते व ती माणसाला लागून कडेने लाल, खवलेदार आणि मध्ये निवळत जाणारे गोल चट्टे उत्पन्न करते. हे चट्टे तासा-दोन तासांत जात नाहीत, आठवड्या-आठवड्याने पसरतात. परंतु खाज सुटली की आपल्याकडील मनुष्य वैद्याकडे न जाता औषधांच्या दुकानात जातो, आणि दुकानदार त्याला स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांची खिचडी असलेले मलम काढून देतो. स्टेरॉइडने लाली व खाज दोन-चार दिवसांत मावळते, रोगी संतुष्ट होतो, आणि प्रतिकाराची ताकद बोथट झालेल्या त्या त्वचेत बुरशी निर्धास्तपणे वाढू लागते. चट्ट्याचे रूप पालटते, ओळख पटेनाशी होते, आणि महिन्यांनी तो गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञापुढे येतो तेव्हा साधा रोग दुःसाध्य झालेला असतो. देशातील त्वचारोगतज्ज्ञ या मलमांविरुद्ध सारखे सांगत आले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते पाळीव उंदीर असलेल्या घरात या जातीच्या मलमाला थाराच देऊ नये.

उंदराचा चावा ही बाब त्वचेच्या वावड्यापासून निराळी काढली पाहिजे. जखम साबण-पाण्याने धुऊन, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करून, पुढे तीन आठवडे ताप, सांधेदुखी किंवा हातापायांवर पुरळ येते काय इकडे लक्ष ठेवावे; कारण उंदीरदंशज्वर म्हणून एक रोग आहे व तो पेनिसिलीनने बरा होतो, मात्र डॉक्टरला चाव्याची हकीकत सांगितली पाहिजे. या ज्वराच्या दोन जंतूंपैकी आशियात आढळणारा नागमोडी जंतू प्रथम मुंबईतच, उंदराच्या रक्तात, हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८८७ च्या सुमारास पाहिला. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असत.

वावड्याची खात्री करावयाची तर वैद्याकडून टोचणीची परीक्षा करून घ्यावी. हातावर उंदराच्या प्रथिनांच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने त्वचा किंचित टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाहतात. तेथे साध्या द्रवाच्या थेंबाहून निदान ३ मिलिमीटर मोठी गांध उठली तर आरोप शाबीत झाला. या परीक्षेपूर्वी पाच ते सात दिवस हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, एरवी गांध उठतच नाही आणि रोगी निष्कारण निर्दोष सुटल्याच्या आनंदात घरी जातो. जेथे अर्क मिळत नाही तेथे रक्तातील आयजीई मोजून काम भागते.

गांधी उठल्यावर काय करावे? आपल्या घरांतून अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी चोळण्याची वहिवाट आहे, आणि ते गार पाणी आहे एवढ्यापुरता त्याचा फायदा नाकारता येत नाही. थंड पाण्याची पट्टी किंवा कॅलामाइनचा लेप तेच काम करतो. त्याआधी मात्र हात साबणाने धुतला गेला पाहिजे, कारण प्रथिन त्वचेवर तसेच ठेवून वरून लेप देणे म्हणजे चोराला आत कोंडून दार लावण्यासारखे आहे. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या वळणाच्या गोळ्या पूर्वीच्या गोळ्यांइतकी झोप आणीत नाहीत. सेटिरिझिनने मात्र काहींना गुंगी येते, म्हणून पहिल्या दिवशी वाहन चालवू नये. कित्येक पाळणारे उंदीर हाताळण्यापूर्वी तासभर आधी गोळी घेतात. वैद्याच्या सल्ल्याने ते चालते, परंतु गोळी ही ढाल आहे, परवाना नव्हे; तिच्या भरवशावर संबंध वाढविला तर शरीरातील नोंद अधिकच पक्की होत जाते. मांजर किंवा धूळ यांच्या वावड्यावर अर्काची सुई हळूहळू वाढत्या प्रमाणात टोचून जी सवय लावतात, तसा भरवशाचा उपाय उंदराच्या बाबतीत अद्याप प्रचारात नाही.

तेव्हा खरा उपाय गृहव्यवस्थेचा, आणि ती व्यवस्था मूत्राभोवती आखली पाहिजे. पिंजरा निजण्याच्या खोलीतून बाहेर काढावा, ही पहिली आणि सर्वांत फलदायी गोष्ट होय. मुलाने रडून आकांत केला तरी या एका कलमावर तडजोड करू नये. अंथरण भुशाऐवजी कागदाच्या लगद्याचे किंवा शोषक कापडाचे असावे, कारण मूत्र वाळून भुसा उडाला की प्रथिन हवेत जाते, आणि प्राणिगृहांतील मोजमापांत भुशापेक्षा शोषक अंथरणावर हवेतील प्रथिन पुष्कळ कमी आढळले आहे. पिंजरा साफ करण्याची वेळ सर्वांत धोक्याची असते. ते काम वावडे नसलेल्याने करावे. आणि घरात दुसरे कोणी नसेल तर पाण्याचा हबका मारून अंथरण ओलसर करून, तोंडाला एन-९५ पट्टी, हातात नायट्राइलचे मोजे आणि अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून, गच्चीत किंवा उघड्या पडवीत करावे. अंथरण दर दोन-तीन दिवसांनी बदलणे उंदराच्याही हिताचे आहे, कारण कुजलेल्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्याच्या फुप्फुसांचा जुना आजार चेतवितो. पण एक पेच येथे आहे: अनुभवी पाळणारे सांगतात की पिंजरा अगदी लख्ख धुतला की उंदीर आपला गंध हरपल्याने दुप्पट उत्साहाने नवी मोहोर उठवितो, म्हणून ते जुन्या अंथरणाचा एखादा तुकडा मुद्दाम मागे ठेवतात.

हाताळण्याविषयी थोडे सांगावयाचे. मांडीवर एक जाड पंचा अंथरून त्यावरच उंदीर खेळवावा आणि तो पंचा रोज ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावा. उंदीर हाताळण्याचा सदरा वेगळा असावा व तो घालून अंथरुणावर पडू नये. खेळ संपताच कोपरापर्यंत हात धुवावेत, तोपर्यंत डोळे चोळू नयेत. नख्यांची टोके महिन्यातून एक-दोनदा पशुवैद्याकडून पाहून घेतलेल्या रीतीने कापावीत, किंवा पिंजऱ्यातील चढण्याच्या जागी एक खरबरीत वीट ठेवावी, म्हणजे चालता चालता त्या आपोआप झिजतात; ओरखडा नसेल तर अर्धी तक्रार उरत नाही. हाताला साधा मलईदार लेप नियमाने चोळून त्वचा अभंग ठेवणे, विशेषतः इसब असलेल्यांनी, गोळीइतकेच महत्त्वाचे आहे. उंदराला वारंवार न्हाऊ घालण्याने मात्र त्याची कातडी कोरडी पडून कोंडा वाढतो आणि तासाभरात तो पुन्हा मूत्राने माखतो. त्या फंदात पडू नये.

मादी पाळावी की नर, या प्रश्नाचे उत्तर वरील विवेचनातच आहे. हे मूत्रप्रथिन पुरुषी अंतःस्रावावर अवलंबून असल्यामुळे मादीच्या मूत्रात ते फारच थोडे असते, आणि खच्ची केलेल्या नरातही त्याचा अंमल उतरतो. ज्याला अद्याप उंदीर आणावयाचा आहे व ज्याच्या घराण्यात दमा, इसब किंवा शिंकांचा विकार आहे, त्याने माद्यांची जोडी आणावी. एकटा उंदीर उदास होतो, म्हणून जोडी. ज्याचे वावडे एकदा पक्के झाले आहे त्याला मात्र मादीच्या मूत्रातील अत्यल्प अंशही पुरतो, आणि इतर प्रथिने उरतातच; त्याने यावर फार भिस्त ठेवू नये.

येथवर जे लिहिले ते सर्व, तक्रार त्वचेपुरती आहे तोवरचे आहे. त्वचेशी तह करता येतो. श्वासाशी करता येत नाही. पिंजऱ्यापाशी शिंका, रात्री कोरडा खोकला, छातीत घरघर, धाप, यांपैकी काही सुरू झाले तर बाह्या व मोजे यांचा विचार सोडून छातीच्या डॉक्टरकडे जावे, आणि दमा ठरला तर उंदीर घरात ठेवू नये, हा या लेखकाचा निःसंदिग्ध अभिप्राय आहे. संबंध चालू ठेवणाऱ्या प्राणिगृहातील कामगारांचा दमा पुढे संबंध सुटल्यावरही रेंगाळतो असे दिसून आले आहे. चाव्यानंतर सर्वांगावर गांधी, ओठ-जिभेस सूज, आवाज बसणे किंवा भोवळ, हे तर तत्काळ रुग्णालयात जाण्याचे कारण होय. तेथे मांडीत दिलेली अ‍ॅड्रेनलिनची सुई हाच उपाय आहे, घरातील गोळी नव्हे. असे प्रसंग क्वचित घडतात, परंतु उंदीरदंशानंतर ते घडल्याची नोंद वैद्यकाच्या दप्तरी आहे.

उंदीर द्यावयाचा ठरल्यास तो परिचितांपैकी कोणा हौशी कुटुंबास पिंजऱ्यासह द्यावा. गटारात किंवा शेतात सोडू नये, कारण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या प्राण्याला बाहेर एक आठवडाही काढता येत नाही. आणि तो गेल्यावर लगेच आराम पडला नाही म्हणून निदान चुकले असे मानू नये. वाळलेले प्रथिन पडदे, गाद्या, सतरंज्या व भिंतींच्या कडा यांत महिनोन्‌महिने टिकते; ती खोली ओल्या फडक्याने पुसून, कापड गरम पाण्यात धुऊन आणि खिडक्या उघड्या ठेवून, मगच तेथे अंथरूण घालावे.